महापालिकेच्या कायद्यात वकिली करायची आहे? आधी जावक रजिस्टर बघायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापुरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, घरात वकील कोणी नाही, वडील गावच्या ग्रामपंचायतीत लिपिक आहेत. ते लिहितात: "सगळे सांगतात क्रिमिनल कर, नाहीतर जमिनीचे दावे कर. मला महापालिका, नगररचना, प्रशासकीय कायदा यात काम करायचं आहे. यात पोट भरतं का? सर्किट बेंच आलं आहे, तर थेट हायकोर्टातच सुरुवात करू का? पॅनलवर कसं जायचं? आणि माझं इंग्रजी कच्चं आहे."

पोट भरतं. उशिरा भरतं, पण भरतं. मी सत्तावीस वर्षं हेच करतोय. त्यातली आठ वर्षं एका स्थानिक संस्थेच्या पॅनलवर (तिच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या वकिलांच्या यादीत) आणि बाकीची बहुतेक वर्षं अशाच संस्थांच्या विरुद्ध उभा राहून. दोन्ही बाजूंनी टेबल पाहिलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बेंचचं बोलू, कारण सध्या बार रूममध्ये दुसरा विषय नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं हायकोर्ट भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयाच्या समोर आलं. आमच्या पिढीला याचं अप्रूप किती आहे ते तुम्हाला कळायचं नाही. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरून कुठेतरी तोंड धुवायचं, दिवसभर बोर्डाकडे बघत बसायचं, आणि पाच वाजता कळायचं की मॅटर रीच झालं नाही, म्हणजे आपला नंबरच लागला नाही. पक्षकार सोबत असेल तर त्याचं तिकीट, जेवण, वर त्याचा चेहरा. एका तारखेला दोन रात्री गाडीत. त्यामुळे कितीतरी माणसं अन्याय गिळून गप्प बसायची. तो खर्च आता वाचला.

पण म्हणून सनद हातात आल्या आल्या रिट याचिका लिहायला बसू नका. रिटमध्ये जे भांडतो ते सगळं आधीच घडून गेलेलं असतं: नोटीस निघालेली असते, उत्तर दिलेलं असतं किंवा दिलेलं नसतं, सुनावणी झालेली असते किंवा नुसती कागदावर झालेली असते. हे सगळं घडतं गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट इथल्या विभागीय कार्यालयांत, नगररचनेच्या टेबलावर आणि सिटी सर्व्हेच्या खिडकीत. तिथं फाईल कशी तयार होते हे ज्याला माहीत नाही, त्याला हायकोर्टात न्यायमूर्तींनी "ही टिपणी कोणाची?" असं विचारलं की घाम फुटतो. मी फुटलेला पाहिला आहे. एकदा माझाच होता.

माझा पहिला धडा सांगतो. सिनियरकडे लागून चार महिने झाले होते. एका महापालिकेची (कुठली ते सोडा) कलम २६० ची नोटीस घेऊन एक गिरणीवाले आले. परवानगीशिवाय पत्र्याचं शेड बांधलं, ते काढून घ्या, नाहीतर आम्ही काढू, असा मजकूर. मी रात्रभर जागून उत्तर लिहिलं: शेड जुनं आहे, धंदा बुडेल, मुलं लहान आहेत. सिनियरनी ते वाचलं नाही. नोटिशीच्या तळाशी बोट ठेवून म्हणाले, "ही सही कुणाची?" उपशहर अभियंत्याची होती. "कायद्यात अधिकार कुणाला दिलाय?" आयुक्तांना. "मग हा कोण?"

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६९ खाली आयुक्तांना आपले अधिकार लेखी आदेशाने खालच्या अधिकाऱ्याला देता येतात. तो लेखी आदेश आम्ही मागितला. पंचवीस दिवस गेले, दोन स्मरणपत्रं गेली, मग मिळाला. नोटिशीच्या तारखेनंतर अकरा दिवसांनी निघालेला. दिवाणी कोर्टात मनाई मिळाली. मला वाटलं मी जग जिंकलं.

तीन महिन्यांत त्यांनी ती नोटीस मागे घेतली, बरोबर सहीनं नवी काढली, सुनावणी दिली, आणि शेड गेलं. कारण शेडला परवानगी नव्हतीच. सिनियर एवढंच म्हणाले, "नोटीस पाडलीस. शेड कुठं वाचवलंस?" तेव्हापासून पहिल्या भेटीतच पक्षकाराला सांगतो की प्रक्रियेतली चूक वेळ मिळवून देते, बांधकाम कायदेशीर करत नाही. मिळालेल्या वेळात नियमित करून घेता येतंय का ते बघा, अर्ज करा, शुल्क भरा. हे ऐकून काही जण उठून दुसऱ्या वकिलाकडे जातात. जाऊ द्यावं.

आता तारखांबद्दल. या शाखेत हुशारीपेक्षा कॅलेंडर जास्त लागतं. घरफाळ्याच्या (घरपट्टीच्या) आकारणीवर याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील करायला पंधरा दिवस, तेही वादातली रक्कम भरून, आणि करपात्र मूल्याचा वाद असेल तर आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली असली पाहिजे. ते अपील आपल्याकडे सिव्हिल जज, सीनियर डिव्हिजन यांच्यासमोर चालतं. नगरसेवकाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर कलम १६, मुदत दहा दिवस. बांधकाम परवानगी नाकारली तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील, चाळीस दिवस. आणि महापालिकेवर दावा लावायचा तर पुन्हा महापालिका अधिनियमाचं कलम ४८७: आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

हे सहा महिने मी एकदा चुकवले. रस्ता रुंदीकरणात एका विधवा बाईंची कंपाऊंडची भिंत आणि आतली टाकी पाडली होती. जागा रस्त्यात जात नव्हती, मोजणी चुकली होती. केस शंभर नंबरी. नुकसानभरपाईला तीन वर्षं असतात हे डोक्यात पक्कं, म्हणून मी मोजणीच्या नकला, फोटो, पंचनामा गोळा करत निवांत बसलो. दावा आठव्या महिन्यात लावला. समोरच्या वकिलांनी कैफियतीत (लेखी उत्तरात) पहिल्याच परिच्छेदात कलम ४८७ टाकलं. दावा मुदतीवर गेला. बाईंनी मला एक शब्द बोलला नाही, उलट चहा पाजला, आणि ते जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या ऑफिसात फाईलच्या पुठ्ठ्यावर पक्षकाराच्या नावाआधी लाल शाईनं मुदतीची शेवटची तारीख लिहितात.

जिथं मुदत आपल्या बाजूनं धावते असं एक काम आहे आणि ते तुम्ही नीट शिकावं असं मला वाटतं: जमिनीवरची आरक्षणं. शहराच्या कडेला ज्यांची शेतं होती त्यांच्या सातबाऱ्यावर कधीतरी विकास आराखड्यात शाळा, क्रीडांगण, बगीचा, भाजी मंडई असं काहीतरी पडलेलं असतं. महापालिका जागा घेत नाही, कारण पैसे नाहीत. आणि मालकाला बांधू देत नाही, कारण आरक्षण आहे. आजोबा गेले, वडील गेले, नातू ऑफिसात येतो. एमआरटीपी कायदा, १९६६ चं कलम १२७ अशांसाठी आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ च्या दुरुस्तीनं चोवीस.

सगळी लढाई "पावलं" या शब्दावर. महासभेनं ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवला, म्हणजे पाऊल उचललं का? गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सांगितलं की नाही. नुसती पत्रापत्री पुरत नाही, प्रत्यक्ष संपादनाच्या दिशेनं कायदेशीर पाऊल पडलं पाहिजे. पण तिथपर्यंत पोचण्याआधी निम्म्या नोटिसा आपल्याच चुकीनं मरतात. कुणी दहा वर्षं पुरी व्हायच्या आधी नोटीस देतं. कुणी मालकीचे कागद जोडत नाही. पाच भावांच्या जमिनीत एकटा थोरला सही करतो. कुणी नोटीस नगररचना सहायक संचालकांच्या टेबलावर ठेवून येतं आणि पोच घेत नाही, मग चोवीस महिने कधीपासून मोजायचे हाच वाद. आणि जिंकल्यावरही काम संपत नाही. आरक्षण गेल्याची अधिसूचना राजपत्रात यावी लागते, तोवर बांधकाम परवाना विभाग जुनाच नकाशा उघडून बसतो. अशा एका नोटिशीवर मी दीड महिना काम करतो. ज्युनियरना वाटतं दोन पानांचं तर पत्र आहे.

कोल्हापूरची म्हणून काही खास दुखणी आहेत. महापालिका १९७२ ची, आणि हद्दवाढीचं भांडण जवळपास तिच्याच वयाचं. त्यामुळे पाचगाव, उचगाव, कळंबा या बाजूला शहर आणि गाव कुठं संपतं हे घरांकडे बघून सांगता येत नाही. बेचाळीस गावांसाठी २०१७ साली प्राधिकरण आलं. एखाद्या इमारतीचा कागद बघताना त्या वर्षी परवानगी द्यायचा अधिकार नेमका कुणाचा होता, हा प्रश्न पहिला. तुमचे वडील ग्रामपंचायतीत आहेत म्हणता. नमुना आठचा उतारा म्हणजे मालकी नव्हे आणि ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजे दर वेळी परवानगी नव्हे, हे तुम्हाला घरीच शिकायला मिळेल. दुसरं दुखणं पुराचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथल्या पोराला पाढ्यासारखं पाठ असतं, पण निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते आणि तिच्या आत काय बांधता येतं, यावर २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर वकिलाला बरंच काम आहे.

पॅनलचं विचारलंत. जाहिरात निघते किंवा अर्ज मागवतात, अनुभवाची अट असते, आणि बाकी जे असतं ते तुम्हीही ऐकून आहात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण माझं मत असं की पहिल्या पाच वर्षांत पॅनलच्या मागे लागू नका. फी कमी, बिल मंजूर होऊन हातात यायला वेळ, आणि वकील म्हणून फाईल तुमच्याकडे येते ती नासल्यानंतर. आधी नागरिकांच्या बाजूनं काम करा. मग संधी आली तर पॅनलवर जरूर जा, कारण तिथं जे शिकतो ते बाहेरून कधीच दिसत नाही. बाहेरून वाटतं महापालिका मुद्दाम उत्तर देत नाही. आत गेल्यावर कळतं की कैफियतीची फाईल विधी विभागातून नगररचनेकडे गेली आहे, तिथला कनिष्ठ अभियंता तीन जणांचं काम एकटा बघतो, त्याची त्यातच निवडणुकीच्या ड्युटीवर नेमणूक झाली आहे, आणि त्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात आहे. तो खलनायक नसतो. थकलेला असतो.

पॅनलवर असताना एकदा मात्र मी "ही बाजू मी मांडणार नाही" असं लिहून दिलं. शनिवारी दुपारी तीन वाजता टपऱ्यांवर नोटीस चिकटवलेली आणि रविवारी सकाळी सातला जेसीबी. कोर्टबंदीचा दिवस पाहून. मी अधिकाऱ्याला विचारलं, आदेश कुठं आहे? "साहेबांचा तोंडी होता." तोंडी आदेशाला जावक नंबर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या रजिस्टरातला क्रमांक, नसतो. पुढच्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं.

आज तसं करणं अवघड झालं आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पाडकामासाठी पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस, नोंदणीकृत टपाल, वैयक्तिक सुनावणी, कारणांसहित आदेश हे सगळं बंधनकारक केलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही: नोटीस बजावली की जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल जायचा आणि तिथून आपोआप पोच यायची, म्हणजे नंतर मागची तारीख घालता येऊ नये. ज्यानं आयुष्यभर जावक रजिस्टरात दोन ओळींच्या मध्ये घुसवलेला नंबर शोधला आहे, त्याला यातलं मोल कळेल. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशय यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. पक्षकाराला खोटी आशा दाखवू नका. फेरीवाला असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा वेगळा आहे आणि तो वेगळाच वाचावा लागतो.

प्रशासकीय कायद्याची जाडजूड पुस्तकं परीक्षेसाठी वाचली असतीलच. व्यवहारात मला दोन निकाल सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडले. मोहिंदर सिंग गिल, १९७८: आदेश जसा निघाला तसाच तपासायचा, त्यात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात घालता येत नाहीत. आणि गुल्लापल्ली नागेश्वर राव, १९५९: ऐकणारा एक आणि निर्णय देणारा दुसरा असं चालत नाही. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात तेवढ्या वेगानं हा दुसरा मुद्दा उभा राहतो. सुनावणी मार्चमध्ये एकानं घेतली, मे महिन्यात बदली, जूनमध्ये नव्यानं सही केली. रोजनामा (सुनावणीची तारीखवार नोंद) मागवा, दिसेल.

निवडणुकीचं काम हंगामी, पण तीव्र. कोल्हापुरात जात वैधता प्रमाणपत्र सहा महिन्यांत दिलं नाही म्हणून २०१८ मध्ये कितीतरी नगरसेवकांची पदं अडचणीत आली. सर्वोच्च न्यायालयानं मुदत बंधनकारकच धरली, मग शासनानं कायदा बदलून मुदत बारा महिने केली. एका तारखेवर सभागृहाचं गणित फिरतं ते तेव्हा अख्ख्या शहरानं पाहिलं. यात पैसा पटकन मिळतो आणि मित्र पटकन तुटतात. रोजंदारी आणि सफाई कामगारांच्या केसेस औद्योगिक न्यायालयात चालतात. फी कमी, पण माणूस तुम्हाला जन्मभर विसरत नाही.

पैशाचं सरळ सांगतो. पहिल्या वर्षी सिनियर मला महिन्याला पाचशे रुपये आणि दुपारचं जेवण देत. घर चालवायला मी नोटरीच्या टेबलाशेजारी बसून अर्ज लिहिले. घरफाळ्याची अपिलं, ना हरकत दाखल्यांचे अर्ज, माहिती अधिकार, गुंठेवारीची प्रकरणं, हेच पहिल्या पाच वर्षांचं उत्पन्न. क्रिमिनलवाल्या मित्राच्या हातात रोख खेळते, तुमच्या हातात पोच पावत्या. सहाव्या-सातव्या वर्षी बिल्डर, गृहनिर्माण संस्था, छोटे कारखानदार विचारायला यायला लागतात, आणि बहुतेक वेळा दावा लावायला नाही, दावा होऊ नये म्हणून.

त्यामुळे सध्या काय करायचं? एखाद्या दिवाणी सिनियरकडे तीन वर्षं लागा. साक्ष आणि उलटतपास तिथंच येतो. अधिनियम घ्या आणि कलमं संपली म्हणून मिटू नका. कराचे नियम मागे अनुसूची 'ड' मध्ये आहेत, आणि निम्मे वकील तिथंपर्यंत जात नाहीत. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करताना नुसत्या नकला मागू नका, फाईल अवलोकनाला मागा. समोर बसून टिपणीचं प्रत्येक पान उलटा. हिरव्या शाईनं कुणी काय शेरा मारलाय, मधली पानं का क्रमांकात नाहीत, ते नकलेत दिसत नाही. आणि जमलं तर मोडी शिका. १९४९ च्या विलीनीकरणाआधीच्या करवीर संस्थानातल्या सनदा, इनामाचे कागद आजही दाव्यांत निघतात आणि ते वाचणारा वकील गावात हाताच्या बोटांवर मोजावा लागतो.

राहिलं इंग्रजी. याचिका इंग्रजीत जाते हे खरं, पण तिच्या पोटातली फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मराठीत असते, आणि ती समजणं हे खरं काम आहे. इंग्रजी सुधारायला कुठला क्लास लावू नका. रोज एक नोटीस घ्या आणि तिचा याचिकेतला परिच्छेद करा. "जागेवर जाऊन पाहणी केली असता अनधिकृत बांधकाम आढळून आले, सबब आपणास कळविण्यात येते की..." हे वाक्य इंग्रजीत आणायला बसलात की अडाल. पाहणी कुणी केली? कोणत्या तारखेला? कळवतंय कोण? मराठी नोटिशीत ते कुठंच नाही. याचिकेत मात्र प्रतिवादी क्रमांक तीन असं ठरवून लिहावं लागतं. तिथं पेन थांबलं की भाषांतर बाजूला ठेवा आणि त्या पाहणीचा पंचनामा मागणारा अर्ज लिहा.